लेम्पीच्या भट्टीतले दगड

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीतले दगड लावायचं काम लेम्पीनं आयुष्यभर कुणाला करू दिलं नव्हतं. कारखान्यात नवऱ्यानं आणि स्वयंपाकघरात मुलींनी काय गोंधळ घालायचा तो घालावा, तिची हरकत नसे. पण बर्फ वितळलं की बाह्या वर सारून ती एकटी सौनात शिरायची आणि आतून दार लावून घ्यायची. दगड एकेक करून बाहेर काढायचे, तडकलेले टाकून द्यायचे, धडके पुन्हा रचायचे. मोठे खाली लोखंडावर, लहान वर, आणि मधून वाफेला वाट. बाहेर यायची तेव्हा खाणीतून आल्यासारखी काळी असायची. दर शनिवारी संध्याकाळी घरातला शेवटचा माणूस उघडा, लालबुंद आणि शांत होऊन बाहेर येईपर्यंत ती भट्टी तिची.

नोव्हेंबरात लेम्पी गेली आणि तेव्हापासून भट्टी पेटली नव्हती. तिचा नवरा विल्हो वरच्या घरात टबात अंघोळ करायचा आणि रोज म्हणायचा, "टबात माणूस स्वतःच्याच मळात बसतो." पण सौनाकडे जायचा नाही.

आज मात्र युहान्नुस होता. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, दाराशी बर्चच्या डहाळ्या, किनाऱ्यावर होळी, आणि सौना पेटला नाही असा युहान्नुस रौतानेन घराण्यानं समुद्राच्या अलीकडे पाहिला नव्हता की पलीकडे. म्हणून लेम्पीचा मुलगा रायमो सकाळीच भट्टीपुढे उकिडवा बसला होता. साठीला आलेला माणूस, अख्खा कारखाना सांभाळणारा, आणि हात घालताना आईच्या ट्रंकेत हात घातल्यासारखा चोरटा.

तिसरा दगड बाहेर काढला आणि तो थांबला.

"मार्ता, जरा इकडे ये. आणि दार लाव."

मार्ता वरचं बाकडं साबणानं घासत होती. तिघा भावंडांत थोरली ती, त्यामुळे कुणी दार लाव म्हटलं की आधी लावायचं आणि मग विचारायचं, ही सवय. "काय झालं? उंदीर?"

"उंदीर असता तर बरं होतं."

दगड पावाएवढा, काळाभोर. एक बाजू सुरीनं लोणी कापावं तशी सपाट, आणि मधोमध अंगठा जाईल एवढं सरळ, गोल भोक. किनाऱ्यावरचा दगड असा नसतो. त्याच्या शेजारचाही तसाच. अगदी तळाशी, लोखंडाला चिकटून बसलेले भाजून तांबूस झाले होते, पण भोक त्यांनाही होतं.

मार्ता ओल्या बाकड्यावरच बसली. ही भोकं तिनं कुमारवयात पाडताना पाहिली होती. अंगणात विद्यार्थ्यांचे तंबू, पाण्यात शिरलेल्या टोकावरच्या कातळावर दिवसभर घरघरणारं यंत्र, आणि संध्याकाळी आईच्या टेबलाशी बसलेली डझनभर उपाशी पोरं.

"हे ते नव्हेत," ती म्हणाली. "ते शेडमध्ये आहेत. पेट्यांत. बाबा रोज सकाळी जाऊन पेटीवर हात ठेवून येतात."

"चल मग. बघू."

शेडमधल्या चार लाकडी पेट्यांची झाकणं मुकाट्यानं उघडली. आत भुसा होता, आणि भुशात लेम्पीच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या. स्वच्छ धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या, एकीलाही चरा नाही.

*

धाकटी आयला शिकागोहून रात्री आली होती. तिला बोलावून बरण्या दाखवल्या, भट्टी दाखवली. ती पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"हसतेस काय! मी इथे मरायला टेकलोय," रायमो म्हणाला.

"अरे, मी हसू नको तर काय करू? बाबांचं अख्खं संशोधन आपण तीस वर्षं अंगाला लावून घेतलं! मला वाटायचं माझी कातडी एवढी चांगली कशी."

"हळू बोल. वर खिडकी उघडी आहे," मार्ता म्हणाली.

तिघांनाही ठाऊक होतं की हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही. बाप सतराव्या वर्षी फिनलंडातल्या कौहावाहून एकटा इथं अमेरिकेत उतरला. खाणी बंद पडायला लागल्या तेव्हा त्यांच्या भंगारातल्या बॉयलरच्या पत्र्यातून त्यानं सौनाची पहिली भट्टी ठोकली, आणि पुढे 'रौतानेन' नाव कोरलेल्या भट्ट्या मिनेसोटा-ऑन्टॅरिओपर्यंत गेल्या. त्या पैशातून दुसऱ्या कुणी मोठं घर बांधलं असतं, मोटारी घेतल्या असत्या. विल्होनं कातळ घेतला. एका वसंतात हॉलिस्टर नावाचे प्रोफेसर दार ठोठावून विचारायला आले, तुमच्या टोकावरचा काळा पट्टा बघू का? विल्होनं विचारलं, त्यात बघण्यासारखं काय आहे? प्रोफेसर म्हणाले, हा कातळ वितळलेला होता. गार होताना त्या वेळी उत्तर दिशा कुठे होती ते त्यानं धरून ठेवलं, आणि शंभर कोटी वर्षं झाली, अजून सोडलेलं नाही. त्या दिवसापासून विल्होचा खिसा त्या लोकांसाठी उघडा राहिला तो राहिलाच. तंबू, यंत्रं, पोरांच्या फिया, प्रयोगशाळेचं छप्पर.

मग बंदराच्या भिंतीसाठी सरकारनं ते टोकच ताब्यात घेऊन सुरुंग लावून फोडलं. उरले ते आधी कापून ठेवलेले बावीस दगड. त्या काळच्या यंत्रांना त्यांच्यातलं नीट वाचता येईना, प्रोफेसर वारले, आणि दगड विल्होच्या सांभाळात आले. यंत्र येईल, तो म्हणायचा. आता यंत्र आलं होतं. आज दुपारी वेस्ली ट्रेम्बाथ, त्या तंबूंतला सगळ्यात हडकुळा पोरगा आणि आता स्वतः पिकल्या केसांचा प्रोफेसर, ट्रक घेऊन ते दगड न्यायला येणार होता.

आणि दगड तापवला की धरलेलं सोडतो, हे ह्या घरातल्या मुलांना बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं होतं.

"किनाऱ्यावर काळे दगड काय कमी आहेत?" आयला डोळे पुसत म्हणाली. "कारखान्यात करवत आहे. भोक पाडायचं यंत्र आहे. दुपारपर्यंत बावीस नाही, सात-आठ तरी होतील. वरच्या पेटीपुरते."

"खोटे दगड?" मार्ता किंचाळलीच. "बाबांना फसवायचं? आज?"

"फसवायचं कशाला? शांत राहू द्यायचं. दोन्हींत फरक आहे."

"वकिलीण बाई, फरक तुमच्या कोर्टात. मी जाऊन सांगते त्यांना. आत्ता."

"सांग," रायमो म्हणाला. तो दगड हातात फिरवत होता. "सांग, की आईनं तुमचं आयुष्यभराचं काम भट्टीत घातलं. आई जाऊन आठ महिने नाही झाले. तेवढंच उरलंय त्यांना ऐकायचं." मग दगड खाली ठेवून उठला. "दगड तो दगड. काळा तो काळा. मी कारखान्यात जातो."

मार्ता एकटी पडली. तशी तिला सवय होती, पण ह्या वेळी आपण बरोबर आहोत ह्याची खात्री असूनही तिचे पाय घराकडे वळेनात.

*

विल्हो पुढच्या ओसरीवर बसला होता. अंगात सूट, गळ्यात लेम्पीनं दिलेला निळा टाय, आणि सुपीरियर सरोवराचं पाणी समोर स्टीलच्या पत्र्यासारखं पसरलेलं. आयलानं त्याला कॉफी आणून दिली. खरं तर ती लक्ष ठेवायला आली होती; कारखान्याकडून करवतीचा आवाज येत होता.

"युहान्नुसला कोण काम करतंय?"

"रायमो. काहीतरी दुरुस्ती."

"तुझा भाऊ सणाच्या दिवशी काम करायला लागला म्हणजे कारखान्याचं काही खरं नाही."

आयला हसली. बापाशी तिचं एक जुनं भांडण होतं, ते कधी भांडून झालं नव्हतं. तिच्या शाळेच्या एकाही नाटकाला तो आला नव्हता. पण कुणी कातळाला हातोडा मारणार म्हटलं की टोपी घालून हजर. आज त्याला सुटात बघून तिला वाटलं, विचारून टाकावं.

"बाबा, दगडच का? चर्चला पैसे दिले असते, अनाथाश्रमाला. तुमच्या नावाचा हॉल झाला असता."

"हॉलमध्ये कोण बसणार? मी?" त्यानं साखरेचा खडा दातात धरला आणि त्यातून कॉफी ओढली. "जहाजावर चढलो तेव्हा माझी आई धक्क्यावर उभी राहून काहीतरी ओरडली. काय ओरडली ते आठवतं. 'पाय कोरडे ठेव.' पण आवाज आठवत नाही. पहिल्या हिवाळ्यात होता कानात, तिसऱ्या हिवाळ्यात शोधला तर नाही. मग विहीर गेली. म्हणजे चर्चच्या कुठल्या बाजूला होती, उजव्या की डाव्या. मग लहान बहिणीचे केस. एकेक करत सगळं सोडत गेलो आणि भट्ट्या ठोकत गेलो. आणि मग तो माणूस आला आणि म्हणाला, तुमच्या अंगणातल्या दगडानं शंभर कोटी वर्षं सोडलं नाही." त्यानं खांदे उडवले. "म्हटलं, चला. घरात निदान कुणीतरी धरून ठेवतंय."

आयलानं कारखान्याकडे बघितलं. करवत थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"परत का गेला नाहीत कधी? नंतर पैसे होते की."

"जाऊन काय करणार? विहीर उजव्या बाजूला निघाली असती तर?"

तिनं रिकामा कप उचलला आणि ती तडक स्वयंपाकघरात गेली. मार्ता पीठ लागलेल्या हातांनी वेलदोड्याच्या पावाची वेणी घालत होती.

"मार्ता, त्यांना सांगायला हवं."

"नको."

"सकाळी तूच तर—"

"सकाळी मी त्यांना सुटात बघितलं नव्हतं." मार्तानं वेणी उसवली आणि पुन्हा घालायला घेतली. "मीच इस्त्री केली तो सूट. आईच्या अंत्यविधीनंतर आजच घातलाय. आजच्या दिवशी त्यांच्याकडून मी काही काढून घेणार नाही. मला बोलू नकोस आता."

आयला कप विसळायला लागली. सकाळपासून दोघींनी जागा बदलल्या होत्या, आणि जी ती आपल्या नव्या जागी पुन्हा एकटीच होती.

*

वेस्ली ट्रेम्बाथ ट्रकमधून नव्हे, त्या जुन्या तंबूतूनच बाहेर पडल्यासारखा धावत आला आणि म्हाताऱ्याला मिठी मारून त्यानं टोपी पाडली.

"काका! तुम्ही माझ्याहून तरुण दिसता."

"तू माझ्याहून जास्त बसून राहतोस. आणि काय रे, तुम्ही कॉर्निश लोक अजून मांस भरलेल्या पेस्टीत गाजर घालता का?"

"गाजर तुम्ही फिन लोक घालता, काका. आम्ही पेस्टी शोधून काढली, तुम्ही बिघडवली."

"बघ, तुला खायला घातलं तेही फुकट गेलं."

मार्तानं त्याला टेबलाशी बसवलं. कॉफीचा एक फेरा झाला, मग दुसरा. दूध फाडून भाजलेलं करकर वाजणारं चीज झालं, पाव झाला, धुरी दिलेला मासा झाला. वेस्लीनं लेम्पीच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदाच बघितलं आणि पुढे सगळा वेळ तिच्याकडे पाठ होईल असा बसला. तिसऱ्या फेऱ्याला विल्हो उठला.

"चला."

"बाबा, अजून एक कप—" मार्ता म्हणाली.

"मार्ता, मी शहाऐंशीचा आहे. चौथ्या कपानंतर मला शेडकडे नाही, दुसरीकडेच जावं लागेल."

शेडच्या दाराशी रायमो उभा होता. केसांत दगडाची पांढरी भुकटी, सदरा बदललेला. विल्होनं स्वतः पहिल्या पेटीचं झाकण उघडलं. नेहमी तो नुसता हात ठेवायचा. उघडली असेल ती कित्येक वर्षांपूर्वी. भुशावर सात दगड नीट मांडलेले होते. सपाट बाजू, गोल भोक. रायमो कारागीर बापाचाच होता.

वेस्ली गुडघ्यांवर बसला. एक दगड उचलला, उजेडाकडे धरला, आणि भूगर्भवाले करतात तसं जिभेचं टोक लावून ओला केला. मग ओल्या जागेकडे बघत बसला. रायमोच्या कपाळावर घाम आला. आयला बहिणीकडे बघत होती, बहीण जमिनीकडे.

वेस्लीनं मान वर केली. एकेकाच्या चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली, आणि शेवटी विल्होवर येऊन थांबली. निळ्या टायवर.

"सुंदर आहेत, काका," तो म्हणाला. "ठेवले तसे आहेत."

विल्होचा चेहरा उजळला. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा इतका उजळू शकतो हे तिघा मुलांना माहीत नव्हतं. एवढ्यावर थांबता आलं असतं. वेस्लीनं सात दगड नेले असते, बाकीचे पुढच्या खेपेला म्हणाला असता, आणि पुढची खेप म्हाताऱ्याच्या हयातीत आली नसती. रायमोनं श्वास सोडला. मार्तानं डोळे मिटले.

"नाहीत," आयला म्हणाली. "बाबा, हा खोटं बोलतोय. प्रेमानं बोलतोय, पण खोटं. आम्हीही सकाळपासून तेच करतोय. हे किनाऱ्यावरचे दगड आहेत. रायमोनं कापले."

"आयला!" रायमो ओरडला.

"त्यांच्या घरात कुणीतरी धरून ठेवतंय असं त्यांना वाटतं, रायमो. मग निदान आपण तरी त्यांना भलतंच देऊ नये." तिनं दुसऱ्या पेटीचं झाकण उघडलं. बरण्यांवर उन्हाची तिरीप पडली.

*

विल्होनं एक बरणी उचलली. आत बघितलं, उलटी करून बघितली. लेम्पी बरण्या अशाच ठेवायची, पालथ्या, म्हणजे कोळी शिरत नाहीत.

"दगड कुठेत?" त्यानं विचारलं. आणि कुणी काही बोलायच्या आत त्याचं त्यालाच कळलं. भट्टीच्या पोटात काय आहे ते बायको सांगत नाही, असं तोच तर गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

तो अंगण ओलांडून सौनाकडे निघाला. बाकीचे मागून, प्रेतयात्रेत चालावं तसे. आत गेल्यावर त्यानं बाही वर सारली, भट्टीत हात घातला आणि तळाचा एक तांबूस दगड चाचपत बाहेर काढला. भोकात अंगठा घालून बघितला. बरोबर बसला.

"सगळे?"

"सगळे, बाबा," मार्ता म्हणाली. "बावीसच्या बावीस."

"एकही तडकला नाही?"

रायमोला प्रश्न कळायला वेळ लागला. मग भट्टी बनवणाऱ्याचा मुलगा त्याच्यात जागा झाला. "नाही. एकही नाही."

"कधीपासून असतील?"

"माझ्या लग्नाच्या आसपास," मार्ता चाचरत म्हणाली. "तेव्हा जुने दगड फुटून खडी झाली होती. आणि नंतर वाफ मऊ यायला लागली, आठवतं? तुम्ही सगळ्यांना सांगायचात, नवीन जाळी बसवली म्हणून."

"जाळी म्हणून मी ती भट्टी साऱ्या मिनेसोटात खपवली," विल्हो म्हणाला.

आयलाला हसू फुटायला लागलं, तिनं तोंडावर हात दाबला. म्हातारा हसत नव्हता. तो खालच्या बाकड्यावर बसला, मांडीवर दगड, सुटावर काजळी.

"विचारलं असेल तिनं," तो म्हणाला. "ती विचारायची. मी टेबलाशी प्रोफेसरांशी बोलत असायचो आणि हो हो म्हणायचो." मग वेस्लीकडे न बघता म्हणाला, "तू चाटून खोटं बोललास."

"हो, काका."

"दगडाला जीभ लावून पुन्हा असं करू नकोस."

"नाही करणार."

किनाऱ्यावरून शेजारच्यांची पोरं होळीसाठी लाकडं ओढत होती, त्यांचा आरडाओरडा येत होता.

"म्हणजे आता ह्यांच्यात काहीच नाही," विल्हो म्हणाला. "पुसलं गेलं."

वेस्ली त्याच्यापुढे खाली बसला. "जुनं गेलं, काका. पण रिकामा नाही राहत दगड. लाल होऊन गार झाला की गार होतानाची उत्तर दिशा धरतो. वरच्या दगडांत थोडं जुनं, थोडं नवं, सगळी खिचडी झाली असेल. पण हे तळाचे, लोखंडावरचे... दर खेपेला जुनं सोडायचे, नवं धरायचे. त्यांच्यात शेवटची खेप असणार. शेवटचे कधी तापले होते?"

त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं. बाकीच्या चौघांना माहीत होतं. लेम्पीला इस्पितळात नेलं त्याच्या आधीचा शनिवार. पाणी तिनंच भरलं होतं, नको म्हणत असताना. सगळ्यांची अंघोळ झाल्यावर ती नेहमीसारखी एकटी आत बसून राहिली होती, भट्टी उतरेपर्यंत. मग दार किलकिलं ठेवून घरी आली होती.

रायमोच्या हातात एक दगड होता. दिवसभर 'दगड तो दगड' म्हणणाऱ्या त्या माणसानं तो दोन्ही हातांनी धरून, अंडं ठेवावं तसा, भट्टीच्या कडेला ठेवला.

"आज पेटवायला नको," तो म्हणाला.

"नकोच," मार्ता म्हणाली. "ही कधीच नको पेटवायला. कारखान्यातून दुसरी आणून बाजूला बसवू."

"निदान तळाचा एक तरी काढून ठेवू," आयला म्हणाली. "एकच, बाबा. कपाटात ठेवू."

दिवसभरात पहिल्यांदाच तिघं एका बाजूला उभी होती. विल्होनं त्यांच्याकडे बघितलं. तिघांची नाकं लेम्पीची होती, हे त्याच्या कधी असं एकदम लक्षात आलं नव्हतं.

मांडीवरचा दगड जड होता. त्याच्यात तो शनिवार होता; यंत्रावर ठेवला तर ह्या शहाण्या पोराला कागदावर ठिपका काढून दाखवता आला असता. ही बघा, काका, काकूंची उत्तर दिशा. तो ठिपका घेऊन आपण काय करू, हे विल्होला अगदी स्पष्ट दिसलं. रोज सकाळी जाऊन त्याच्यावर हात ठेवू.

"तीस वर्षं मी पेट्यांवर हात ठेवत आलो," तो म्हणाला. "येईल त्याला सांगत आलो, आत शंभर कोटी वर्षं आहेत. आत बरण्या होत्या." त्यानं दगड उचलला आणि वाकून पुन्हा तळाशी, लोखंडावर, होता तिथे बसवला. दगड जागच्या जागी बसला. "आणि ती दर शनिवारी ह्यांच्यावर पाणी घालत होती. युहान्नुसला पाहुणा आलाय आणि भट्टी थंड, हे तिला कळलं तर मला घरात घेईल का? रायमो, लाकडं आण."

"बाबा—"

"मोठी आधी. तुझ्या आईनं रचलेत तसेच परत रच. पुढे-मागे करू नकोस."

रायमो उभाच राहिला. मार्ता रडत होती, पण रडता रडताच तिनं पाण्याची बादली उचलली. ती गेली म्हणून आयलाही गेली. शेवटी रायमो खाली बसला आणि दगड रचायला लागला, मोठे खाली, लहान वर, आणि बाप वरून बोटानं दाखवत राहिला, इथे नाही, तिथे, वाफेला वाट ठेव.

काडी विल्होनं स्वतः ओढली.

*

सूर्य अजून पाण्यावर हातभर उंच होता तेव्हा पुरुष आत गेले. पाहुणा आधी, हा रिवाज. वरच्या बाकड्यावर विल्हो, शेजारी वेस्ली, खाली रायमो, तिघंही देवानं पाठवले तसे. तळाच्या फटीतून दगडांची लाली दिसत होती.

विल्होनं लाकडी पळी बादलीत बुडवली आणि वेस्लीच्या हातात दिली.

वेस्लीनं ती घेतली आणि तशीच धरून बसला. पळीतून थेंब ठिबकत होते. "माझ्याच्यानं नाही होणार, काका. मी पोरगा होतो तेव्हापासून ह्या दगडांची वाट बघतोय."

"मग आता समोर आहेत. घाल."

पाणी पडलं आणि दगड फुत्कारले. वाफ छताला लागून वळली आणि हळूच मानेवर, कानांमागे, खांद्यांवर उतरली. तिघांनीही माना खाली घातल्या. बाहेर मार्ता कुणाला तरी मासा उलटायला सांगत होती, आयला उलट उत्तर देत होती, पोरं ओरडत होती.

"कशी आहे?" विल्होनं डोळे मिटूनच विचारलं.

वेस्लीनं वाफ छातीत ओढली. "मऊ," तो म्हणाला.

"जाळीमुळे नाही हं ते."

खालून रायमोचा हसल्यासारखा की रडल्यासारखा आवाज आला. वाफेत तो कुठला हे ठरवता येत नाही. म्हणून तर ह्या घरातले पुरुष जे काय करायचं ते इथंच करायचे.

"सकाळी गार झाले की तळाचा एक काढून घे," विल्हो म्हणाला. "तुझ्या त्या यंत्रावर ठेव. काय निघतं ते मला कळव."

"आजचंच निघेल, काका. आज आपण बसलोय ते."

"हं. तेच कळव."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नाही मिळायचे," विल्हो म्हणाला आणि पळीसाठी हात पुढे केला. "बाकीचे शनिवारी लागतात."